चुरगळण्यासाठी बनवलेली गाडी

कातळावर पडलेला हापूस फुटतो, पेंढ्यावर पडलेला वाचतो. पडण्याचा वेग तोच, पण पेंढा आंब्याला थांबायला थोडी जागा देतो. मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास या आलिशान गाडीचा इतिहास मला या जागेचा इतिहास वाटतो. तिच्या कातडी सीटबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण तिचं खरं मोठेपण इथे आहे.

पत्रा जितका कडक तितकी गाडी सुरक्षित, हा समज मर्सिडीजच्याच बेला बारेनी या इंजिनिअरने मोडला. माणसं बसतात तो मधला भाग कणखर हवा आणि पुढचा-मागचा भाग धडकेत चुरगळायला हवा, या कल्पनेच्या पेटंटसाठी १९५१ साली अर्ज झाला. गणित साधं आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाच्या जवळजवळ १०० पट झटका बसतो. ६० सेंटिमीटर मिळाले, तर १६ पटच. १९५९ साली एस-क्लासच्या पूर्वज गाड्यांत ही रचना प्रत्यक्ष आली.

‘एस-क्लास’ हे नाव अधिकृतपणे १९७२ साली आलं. एस म्हणजे ‘सोंडरक्लासे’, खास वर्ग. याच पिढीत १९७८ साली बॉश या जर्मन कंपनीसोबत विकसित केलेलं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मिळू लागलं. करकचून ब्रेक दाबला की चाक जाम होतं, टायर नुसता घसरत जातो आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी वळत नाही. एबीएसचे सेन्सर चाकाची गती सतत मोजतात. चाक जाम होणार असं दिसताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडला जातो, पुन्हा दिला जातो, सेकंदात अनेकदा. त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही समोरचा अडथळा चुकवता येतो. कल्पना जुनी होती. पण इतका झटपट हिशोब करणारं भरवशाचं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा कुठे हाताशी आलं.

पुढची, १९७९ची पिढी मला सगळ्यांत देखणी वाटते. मर्सिडीजचे डिझाइन प्रमुख ब्रूनो साको यांच्या देखरेखीखाली घडलेली. १९८१ साली तिच्यात चालकासाठी एअरबॅग आली. १९९५ साली एस-क्लासच्या कूपेत, म्हणजे दोन दारांच्या गाडीत, घसरताना गाडीचा तोल सावरणारं ईएसपी आलं.

२००२ साली आलेली ‘प्री-सेफ’ यंत्रणा धडकेच्या आधीच कामाला लागते. गाडी घसरतेय असं कळताच पट्टा आवळला जातो, सीट सावरली जाते, छताची काच बंद होते. धडक टळली, तर पट्टा आपोआप सैल होतो.