उत्तरजीवी लाभ योजनेतून माघार (अमेरिकी सैन्यदले)

उत्तरजीवी लाभ योजनेतून माघार : अमेरिकेच्या सैन्यदलांतून निवृत्त झालेल्या व्यक्तीने, आपल्या मृत्यूनंतर जोडीदाराला वा मुलांना मिळावयाच्या मासिक वृत्तीचे संरक्षण स्वेच्छेने सोडून देणे. मूळ योजना ‘सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन’ किंवा नुसते ‘एसबीपी’ या नावाने ओळखली जाते. भारतीय सैन्यातील कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सैनिकाच्या पेन्शनमधून हप्ता कापला जात नाही. त्यामुळे माघार ही कल्पनाच आपल्याकडे नाही आणि तिच्यासाठी मराठीत रूढ शब्दही नाही. अमेरिकेत मात्र निवृत्तिवेतन निवृत्ताबरोबर संपते. ते पुढे चालू ठेवायचे तर त्याने हयातीत दरमहा हप्ता भरावा लागतो.

योजना 21 सप्टेंबर 1972 च्या कायद्याने सुरू झाली. निवृत्त होणारा सैनिक 300 डॉलरपासून संपूर्ण निवृत्तिवेतनापर्यंत कोणतीही आधाररक्कम निवडू शकतो. तिच्या 55 टक्के वृत्ती मागे राहिलेल्या जोडीदाराला मिळते, आणि जोडीदारासाठीचा हप्ता सर्वसाधारणपणे आधाररकमेच्या 6.5 टक्के असतो. 2,000 डॉलरच्या आधाररकमेवर दरमहा 130 डॉलर कापले जातात व पुढे 1,100 डॉलर मिळतात. महागाईनुसार दोन्ही आकडे वाढतात. 360 महिने हप्ता भरून झाला आणि वयाची 70 वर्षे पूर्ण झाली, की पुढचे संरक्षण विनामूल्य होते. ही सवलत 1 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहे.

माघारीचा उगम. माघारीची सोय 1998 पासून आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. 1998 आर्थिक वर्षाच्या संरक्षण अधिकार कायद्याने (सार्वजनिक कायदा 105-85) अमेरिकी कायदेसंहितेच्या दहाव्या शीर्षकात कलम 1448अ घातले आणि ते 17 मे 1998 पासून अमलात आले, हे खरेच आहे. पण तेवढ्यावर थांबले तर इतिहास अर्धाच राहतो.

एसबीपीच्या आधी, 1953 पासून, एक जुनी योजना होती. 1961 मध्ये तिचे नाव ‘रिटायर्ड सर्व्हिसमन्स फॅमिली प्रोटेक्शन प्लॅन’ असे झाले. तिच्यात हप्त्यापोटी कमी केलेल्या निवृत्तिवेतनाचा अर्धा, चौथा किंवा आठवा हिस्सा वारसांसाठी ठेवता येई. सरकारचा वाटा नसल्याने सगळा भार निवृत्तांवर पडे, आणि पात्र सैनिकांपैकी सुमारे 15 टक्केच तिच्यात सामील झाले. या जुन्या योजनेच्या कलम 1436 मध्ये निवृत्ताला वृत्तीची रक्कम कमी करण्याची किंवा योजनेतून पूर्ण बाहेर पडण्याची मुभा दिसते. अट एवढीच की अर्जानंतरच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेआधी बाहेर पडता येत नाही. 1998 च्या सोयीत असलेली दोन-तीन वर्षांची चौकट (पुढे ‘कालमर्यादा’ पाहा) त्यात नाही.

1972 च्या योजनेत ही मुभा उरली नाही. सरकारी अनुदान आले, हप्ते स्वस्त झाले आणि बाहेरचे दार बंद झाले. ते इतके घट्ट होते की जोडीदाराचा मृत्यू झाला तरी कपात चालू राहत असे. हा विपर्यास 1976 च्या दुरुस्तीने दूर झाला. 1980 च्या दुरुस्तीने एक अरुंद वाट उघडली, ती फक्त संपूर्ण अपंगांसाठी. तेव्हा 1998 ची तरतूद ही नवी कल्पना नसून जुन्या योजनेतील सोयीचे आखडते पुनरागमन आहे, असे मानणे आम्हाला अधिक सयुक्तिक वाटते. 1980 च्या अपवादाचाच विस्तार म्हणून ती पाहणेही शक्य आहे. मात्र दोन्हींची कारणे इतकी वेगळी आहेत (पुढे पाहा) की ती वंशावळ ओढूनताणून जोडावी लागते.

कालमर्यादा. कलम 1448अ नुसार, निवृत्तिवेतन मिळू लागल्याच्या दुसऱ्या वर्षदिनापासून पुढील एक वर्ष, म्हणजे 25 व्या ते 36 व्या महिन्यात, माघार घेता येते. गणना निवृत्तीच्या तारखेपासून नसून वेतन सुरू झाल्याच्या तारखेपासून होते. नियमित सैनिकाच्या बाबतीत या दोन तारखा जवळजवळ एकच असतात. राखीव दलातील सैनिकाची सेवा संपते एकीकडे आणि वेतन साधारणपणे साठाव्या वर्षी सुरू होते, त्यामुळे त्याची मुदत बरीच लांब जाते. कायदा आला तेव्हा ज्यांची दोन वर्षे आधीच उलटली होती, त्यांना 17 मे 1998 पासून एक वर्ष दिले गेले.

अर्ज ‘डीडी 2656-2’ या नमुन्यावर होतो आणि तो पोहोचल्यानंतरच्या महिन्यापासून कपात थांबते. भरलेले हप्ते परत मिळत नाहीत. वरच्या उदाहरणातील निवृत्ताचे पहिल्याच दिवशी बाहेर पडूनही, वाढ न धरता, 3,120 डॉलर गेलेले असतात. पुन्हा प्रवेशाचा हक्कही राहत नाही.

जोडीदाराची संमती. विवाहित निवृत्ताला माघारीसाठी जोडीदाराची लेखी संमती लागते; जोडीदाराचा ठावठिकाणा लागत नसेल तर अपवाद होतो. 1972 च्या कायद्यात योजना नाकारताना जोडीदाराला केवळ सूचना देणे पुरेसे होते. ती सूचनाच न दिल्यास नकार ग्राह्य धरायचा का, हा प्रश्न ‘बार्बर विरुद्ध संयुक्त संस्थाने’ (1982) या खटल्यात क्लेम्स न्यायालयापुढे आला आणि निकाल विधवेच्या बाजूने लागला. 1 मार्च 1986 पासून सूचनेची जागा संमतीने घेतली. न्यायालयाच्या आदेशाने घटस्फोटित जोडीदाराला संरक्षण दिलेले असेल, तर निवृत्त एकट्याच्या मर्जीने ते सोडू शकत नाही.

अपंगत्वामुळे माघार. माजी सैनिक खात्याने ज्याला सलग दहा वर्षे, किंवा सेवामुक्तीपासून सलग पाच वर्षे संपूर्ण अपंग ठरवले आहे, त्याला वरील कालमर्यादा लागू नाही. अशा व्यक्तीचा मृत्यू सेवेशी निगडित मानला जातो आणि विधवेला ‘डीआयसी’ नावाची वेगळी भरपाई मिळते. पूर्वी ही भरपाई एसबीपीच्या रकमेतून वजा होत असे. त्यामुळे हप्ता भरत राहणे पुष्कळदा व्यर्थच ठरे. येथे जोडीदाराची संमती लागतेच. पण निवृत्ताच्या मृत्यूनंतर भरलेले हप्ते विधवेला परत मिळतात, आणि अपंगत्वाचे प्रमाण घटवले गेल्यास एका वर्षात योजनेत परतता येते. सर्वसाधारण माघारीत यातले काहीच नाही.

माघारीमागची कारणे. 1998 च्या सुमारास दोन तक्रारी प्रबळ होत्या. पहिली वरील वजावटीची. तिला लोक ‘विधवा-कर’ म्हणत. दुसरी अशी की विधवा 62 वर्षांची झाली की सामाजिक सुरक्षेच्या नावाखाली 55 टक्क्यांची वृत्ती 35 टक्क्यांवर येई. दुसरी कपात 2005 ते 2008 दरम्यान टप्प्याटप्प्याने बंद झाली, पहिली 1 जानेवारी 2023 रोजी पूर्णपणे संपली. तेव्हा माघारीच्या बाजूने जुन्या लिखाणात येणारे हिशेब आज जसेच्या तसे घेऊ नयेत. मुदतीचा खाजगी विमा स्वस्त पडतो हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. मुदत संपल्यावर काय, आणि महागाईवाढीचे काय, हे त्यात बहुधा सोडून दिलेले असते. जोडीदाराला स्वतःची भक्कम पेन्शन असणे हे कारण त्याहून सबळ.

खुली मुदत. अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) वेळोवेळी योजनेत येण्यासाठी विशेष मुदती दिल्या. 23 डिसेंबर 2022 ते 1 जानेवारी 2024 या मुदतीत प्रवेशाबरोबर, संमतीच्या अटीवर, बाहेर पडण्याचीही मुभा होती. आत येणाऱ्यांना मागील सर्व हप्ते भरावे लागले. बाहेर पडणाऱ्यांना परतावा मिळाला नाही.

जोडीदार किंवा मूल नसताना ‘विमायोग्य हितसंबंध’ असलेल्या व्यक्तीसाठी, उदाहरणार्थ भावंडासाठी, घेतलेले संरक्षण मात्र केव्हाही बंद करता येते.