एका गळ्यावर एकच छेद

श्वासमार्ग पूर्ण बंद झाला की गळ्यातून वाट काढावी लागते. कंठमणी आणि त्याखालची क्रिकॉइड कडी यांच्यामधला पडदा जेमतेम १ सेंटिमीटर उंच असतो. देहदानातून मिळालेल्या मृतदेहावर पहिल्या पॅरामेडिकने (रुग्णवाहिकेवरच्या आरोग्य कर्मचाऱ्याने) हा पडदा कापला, की दुसऱ्याच्या वाट्याला तयार भोक येतं. वर चिकटपट्टी लावून पुन्हा सराव करता येतो, पण पडदा फाटताना बोटाला जाणवतो तो झटका परत मिळत नाही. म्हणून शहराने असं प्रशिक्षण कंत्राटाने मागवताना 'आठ तासांची कार्यशाळा' एवढंच लिहून भागत नाही. एका देहामागे किती जण आणि प्रत्येकाच्या हातून नेमकं काय होणार, हे निविदेतच हवं.

देह कसा जतन केलाय, हेही लिहून घ्यावं. फॉर्मलिनमधल्या देहाचा जबडा उघडत नाही, मान वळत नाही; तोंडातून श्वासाची नळी घालण्याच्या सरावाला तो निरुपयोगी. उणे २० अंशांवर गोठवलेला देह जिवंत शरीराच्या बराच जवळ जातो, पण पूर्ण वितळायला किमान दोन-तीन दिवस लागतात. घाई केली की मान मऊ आणि छाती आतून बर्फ, असा प्रकार होतो.

दिवसाचा क्रम चुकला तर देह वाया जातो. तोंडातून नळी घालण्याचा सराव आधी, कारण गळा कापल्यावर हाताने दाबायच्या बॅगेने दिलेली हवा तिथूनच निसटते. मग औषध देण्यासाठी नडगीच्या हाडात सुई, नंतर छातीत सुई, आणि गळ्याचा छेद सर्वांत शेवटी.

त्या छेदासाठी एका हाताने स्वरयंत्र घट्ट धरायचं. १० नंबरचं पातं पडद्यात आडवं खुपसून ९० अंशांत फिरवायचं, धार पायांकडे. पात्याच्या कडेने बूजी (नळीला वाट दाखवणारी लांब, लवचिक काडी) आत सरकवून तिच्यावरून ६ मिलिमीटरची, टोकाशी फुगवता येणारा फुगा (कफ) असलेली नळी घालायची. हमखास होणारी चूक म्हणजे बूजी श्वासनलिकेऐवजी तिच्यासमोरच्या मऊ ऊतीत शिरते. मृतदेहातून रक्त वाहत नाही, हा या सरावातला मोठा खोटेपणा. प्रत्यक्षात छेद रक्ताने भरतो, काही दिसत नाही. त्यावर साधा उपाय आहे: गळ्यावर कापड टाकून नुसत्या बोटाने जागा शोधायला लावायची.

छातीत अडकलेली हवा सोडताना ५ सेंटिमीटरची सुई अनेकदा फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतच नाही. ८ सेंटिमीटरची लागते. बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, म्हणून सुई वरच्या कडेवरून सरकवायची. नंतर छाती उघडून सुईचं टोक कुठे थांबलं ते डोळ्यांनी पाहता येतं. प्लॅस्टिकच्या पुतळ्यात ही सोय नाही, आणि खर्चाचं खरं समर्थन हेच.

उरलेली कलमं थोडक्यात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या आधीच झालेल्या हव्यात. दात्याची संमती अशा सरावालाही लागू आहे ना, ते पाहावं. फोटोंना मनाई असावी. आणि दहनासाठी देह परत जाताना कापलेला प्रत्येक तुकडा त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह सोबत जायला हवा.