कांदा : महाराष्ट्रीय स्वयंपाकातील निवड व वापर

महाराष्ट्रात स्वयंपाकासाठी कांदा निवडताना रंगापेक्षा हंगाम पाहावा लागतो. कढईत खरा फरक पडतो तो कांद्यातल्या पाण्याचा आणि तिखटपणाचा. जात आणि जमीन यांचा त्यात वाटा असतोच, पण कांदा शेतातून कधी निघाला यावर बरेच ठरते.

नाशिक, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यात कांदा वर्षातून तीनदा निघतो. खरिपाचा पोळ कांदा दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो, त्यामागून रांगडा, आणि मार्च ते मे या काळात रब्बीचा उन्हाळ कांदा. पोळ कांदा गडद लाल, पातळ सालीचा आणि पाणीदार असतो. तो साठवायचा नाही, आणायचा आणि संपवायचा. उन्हाळ कांदा फिकट विटकरी आणि घट्ट असतो. हवेशीर चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या शेडमध्ये, तो चार-पाच महिने टिकतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून पावसाळाभर देशभर जातो तो हाच.

कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. ते उडून जाईपर्यंत कढईतला कांदा शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून तांबूसही होत नाही. बिर्याणीवर घालायचा कुरकुरीत कांदा उन्हाळच हवा. पोळ कांदा आधी स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि मग लगदा होतो. घाईत आच वाढवली तर कडा करपतात आणि आतून कच्चा राहतो. सुरुवातीलाच मीठ घातल्यास पाणी लवकर सुटते, हे रश्श्याला सोयीचे, कुरकुरीत तळणीला नव्हे. खेकडाभजीत मात्र त्याच पाण्याचा उपयोग होतो: उभा पातळ चिरलेला कांदा मीठ चोळून ठेवावा आणि सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढेच बेसन घालावे. वरून पाणी ओतलेल्या पिठाची भजी निराळी, तिला खेकडा म्हणू नये.

मटण किंवा उसळीच्या वाटणासाठी कांदा अख्खा भाजण्याची पद्धत आहे, पूर्वी चुलीतल्या निखाऱ्यांत, आता गॅसच्या जाळावर. वरचा पापुद्रा काळा होतो, आतला गर वाफेवर मऊ व गोडसर होतो, आणि तो सुक्या खोबऱ्याबरोबर वाटला जातो. कच्चा कांदा वाटून तसाच ठेवला तर कडवट लागतो. त्यामुळे वाटणाआधी तो भाजणे किंवा परतणे टाळू नये.

कच्च्या कांद्याचा तिखटपणा चिरल्यावरच निर्माण होतो. पेशी फुटल्या की त्यातले गंधकयुक्त पदार्थ आणि विकरे (एन्झाइम) एकत्र येतात. डोळ्यांत पाणी आणणारा वायूही त्याच वेळी तयार होतो. म्हणून मिसळीवरचा कांदा आयत्या वेळी चिरावा. कोशिंबिरीसाठी उग्रपणा नको असेल तर काप थंड पाण्यात थोडा वेळ ठेवून निथळून घ्यावेत. पिठलं-भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेल्या कांद्याला मात्र हा उपचार करणे म्हणजे त्याचा अपमान आहे.

कच्चा खायला रायगड जिल्ह्यातल्या अलिबागचा पांढरा कांदा उत्तम. भाताच्या काढणीनंतर त्याच शेतांत तो लावतात आणि पातीसकट वेण्या घालून माळांनी विकतात. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो कमी तिखट आणि गोडसर असतो. फोडणीत घालता येतो, पण तिथे त्याचा विशेष उरत नाही. पातीच्या कांद्याची भाजी पीठ पेरून करतात. पात शेवटी घालावी, नाहीतर ती काळपट पडते. बाजारात ‘गोल्टी’ म्हणून स्वस्तात मिळणारा लहान कांदा अख्खा मसाला भरून करायला सोयीचा, मात्र सोलायला वेळ हवा.

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, चातुर्मासात कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांत भजी, थालीपीठ, झुणका असा कांद्याचा बेत होतो. त्या दिवसांत घरात उन्हाळ कांदा असतो आणि तळणीला तोच हवा असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चाळीतला कांदा संपत येतो आणि नवा अजून पुरेसा आलेला नसतो. तेव्हा मान दाबून पाहावी. ती मऊ असेल तर आत सड असते. सालीवर काळी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. एक-दोन पापुद्रे काढून कांदा धुवावा, बुरशी आत गेली असेल तर टाकून द्यावा. कोंब फुटलेला कांदा घट्ट असेल तर रश्श्यात चालतो, कोंबही चिरून घालता येतो. डेंगळ्याच्या, म्हणजे फुलाचा दांडा आलेल्या, कांद्याचा मधला जाड दांडा शिजत नाही. तो चिरतानाच काढून टाकावा.