प्लेसर सोन्याचा उगमशोध

प्लेसर सोन्याचा उगमशोध : नदीच्या वाळूगोट्यांत साठलेले सोने कोणत्या तळखडकातून झिजून आले, हे कणांचे रासायनिक घटक, त्यांचा आकार व पोटात अडकलेली खनिजे यांवरून ठरविण्याची पद्धत. निसर्गातील सोने बावनकशी नसते. त्यात बहुधा चांदी मिसळलेली असते. कधी तांबे, पारा वा पॅलॅडियमही. सोने-चांदीच्या एकत्रित वजनात सोन्याचे हजारी प्रमाण म्हणजे त्याचा कस.

शिरेतून (खडकाच्या भेगेत खनिजे साचून बनलेल्या पट्ट्यातून) नुकताच सुटलेला कण भिंगाखाली काटेरी, वेडावाकडा दिसतो. खाचेत क्वॉर्ट्झचा पांढरा तुकडाही अडकलेला असतो. प्रवाहात काही किलोमीटर गेल्यावर त्याच्या कडा आत दुमडतात व तो चपटा होतो. आकारावरून अंतराचा अंदाज येतो, खडकाची ओळख मात्र पटत नाही.

अनेक कणांभोवती जवळजवळ शुद्ध सोन्याची, बहुतेकदा काही मायक्रॉन जाडीची साय असते. तिच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. चांदी विरघळून निघून जाते, असे एक मत. ग्रोएन, क्रेग व रिमस्टिट (१९९०) यांनी कणाच्या पृष्ठभागावर मिश्रधातू विरघळून सोने तेथेच पुन्हा बसते, अशी विद्युत्‌रासायनिक प्रक्रिया सुचविली. ऑस्ट्रेलियातील कणांवर जीवाणूंचे थर आढळल्यावर (२००६) जैविक निक्षेपणाची, म्हणजे जीवाणूंमुळे सोने साचण्याची, बाजू बळावली. गाळातच मोठे गोळे वाढतात, हे जुने मत मात्र आता मागे पडलेले दिसते. कण कापला की सायीखालचा गाभा चांदीयुक्तच निघतो. म्हणून कण रेझिनमध्ये बसवून, घासून, गाभ्याचेच विश्लेषण इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉनांच्या झोताने सूक्ष्म बिंदूचे घटक मोजणाऱ्या उपकरणाने) करतात. खाणकामगारांनी वापरलेला पारा पृष्ठभागाला चिकटतो, त्यामुळेही ही दक्षता अत्यावश्यक ठरते.

समाविष्ट खनिजे अधिक बोलकी असतात. पायराइट, आर्सेनोपायराइट व गॅलेना या गंधकयुक्त खनिजांचा संच बहुधा पर्वतनिर्मितीशी निगडित क्वॉर्ट्झ शिरांकडे निर्देश करतो. पॅलॅडियमयुक्त सोने व सेलेनाइडे (सेलेनियमची संयुगे) ही वेगळ्या प्रकारच्या उगमाची खूण; ती इंग्लंडच्या डेव्हनमध्ये आढळतात.

कॅनडातील क्लोंडाइक (सोन्याचा शोध ऑगस्ट १८९६) हे अभिजात उदाहरण. गाळात अमाप सोने, पण आसपास तोलामोलाची शीर नाही, हे कोडे दीर्घकाळ टिकले. हा भाग हिमनद्यांखाली गेला नव्हता, तेव्हा बर्फाने दूरून सोने आणल्याचा प्रश्न येत नाही. नाइट, मॉर्टेन्सन व मॉरिसन (१९९९) यांनी ओढ्यांतील कणांची स्थानिक शिस्टमधील (पापुद्रेदार रूपांतरित खडकातील) शिरांतल्या सोन्याशी तुलना करून उगम जवळचाच असल्याचे दाखविले. हेच मत ग्राह्य वाटते.

एकाच शिरेत निरनिराळ्या कसाचे सोने असू शकते, त्यामुळे मूठभर कणांवरून निष्कर्ष काढू नये. सराफकट्ट्याची माती धुणारे झारेकरी बारीक कणही जाऊ देत नाहीत. नमुना धुताना तेवढीच काळजी हवी.

भारतात सुवर्णरेखेच्या व केरळातील निलंबूर भागातल्या चालियारच्या गाळात सोने सापडते. निलंबूर भागात जांभ्यामुळे काम अवघड होते, कारण जांभा तयार होताना सोने विरघळून पुन्हा साचू शकते.