सिका हरणाची साद: ऑक्टोबरच्या जपान सहलीला निघण्यापूर्वी वाचा

विमान, व्हिसा, हॉटेल आणि जेवण यांचा वेगळा कागद तुम्हाला मिळालाच आहे. या पत्रकात फक्त हरणांबद्दल लिहिलं आहे. आपण एवढ्या लांब जातोय ते त्यांच्यासाठी, आणि बघण्याइतकंच ऐकण्यासाठी.

ताडोबा, पेंच केलेल्या मंडळींना एक सवय लागलेली असते. कॉल आला की जिप्सी तिकडे दामटायची. आपल्याकडे ते ठीकच, कारण सांबर ओरडलं म्हणजे बहुतेक वेळा वाघ-बिबट्याची वर्दी. सिकाच्या बाबतीत मात्र ही सवय पुण्यातच ठेवून या. शरद ऋतूत जपानच्या डोंगरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आवाज भीतीचा नसतो, तो माजावर आलेल्या नराचा असतो. त्या आवाजाकडे धावलात तर हरीण दिसणार नाही. थांबलात तर दिसण्याची शक्यता आहे. आमचं सगळं सांगणं याच्याभोवतीच आहे.

नराची साद

सिकाचा माज साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. नर खालच्या सुरात सुरुवात करतो, आवाज चढत चढत शिट्टीसारखा बारीक होतो आणि शेवटी पुन्हा खाली उतरतो. कोरड्या रहाटावरून पोहरा ओढताना जी किंकाळी निघते, तिची आठवण यावी असा हा आवाज. अशा दोन-तीन हाका तो लागोपाठ देतो आणि मग गप्प होतो. ही शांतता दहा मिनिटांची असेल, कधी त्याहून जास्त.

ती शांतता महत्त्वाची. युरोपातलं तांबडं हरीण माजावर असताना डरकाळ्यांवर डरकाळ्या देतं, त्यामुळे त्याचा माग आवाजावरून काढता येतो. सिका तसा पत्ता देत नाही. दोन हाकांच्या मधल्या वेळात तो जागा बदलतो, माद्यांमागे फिरतो, प्रतिस्पर्ध्याचा कानोसा घेतो. म्हणून हाक ऐकली की आहात तिथेच थांबा, तोंड त्या दिशेला करा आणि पुढच्या हाकेची वाट बघा. दुसरी हाक उजवीकडे सरकली असेल तर नर चालतोय. तिथूनच आली तर त्याची जागा ठरलेली आहे. मग पुढची पावलं टाकायची, तीही वाटाड्याच्या मागोमाग.

जवळ गेल्यावर आणखी आवाज कळू लागतात. दुसऱ्या नराला हुसकावताना घोगरी गुरगुर, मादीने पिलाला घातलेली हलकी, जेमतेम ऐकू येणारी साद. झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याचा खरखराट. माजावरचा नर चिखलात लोळतो, त्याला उग्र दर्प येतो. कधी कधी नाकच डोळ्यांच्या आधी सांगतं.

इशाऱ्याची शिट्टी

एकच, तुटक, कर्कश. तिच्यासोबत पाय आपटणं आणि पार्श्वभागावरचे पांढरे केस फुलवणं. जपानातले लांडगे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपले. त्यामुळे ही शिट्टी ऐकू आली तर ती बहुधा आपल्यालाच उद्देशून असते. अशा वेळी बसून राहा. कळप पुन्हा खाली मान घालून चरायला लागला तर उत्तम. नाही तर मागे फिरायचं, पाठलाग करायचा नाही.

वारा आणि कपडे

हरणाला तुमचा वास आला की संपलं, कितीही हळू चाला. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून पहाटे आपण हरणाच्या खालच्या अंगाला असावं. ऊन चढलं की हवा वर सरकते आणि गणित उलटतं. सह्याद्रीतही हेच होतं. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, चिमूटभर उडवली की वारा दिसतो. अत्तर, बॉडी स्प्रे, डोक्याला सुवासिक तेल नको.

हरणांना लाल-केशरी रंग फिका दिसतो आणि निळा ठळक. म्हणून जीन्स आणि नीळ दिलेले पांढरे कपडे घरी ठेवा. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर शिकारीचा हंगाम शरदात असतो, तेव्हा वर केशरी जाकीट घालायचं. त्याने हरीण बुजत नाही आणि बंदूकवाल्याला आपण दिसतो. तिथे तपकिरी अस्वलंही आहेत. पायवाटेवर चालताना वाटाड्या सांगेल तेव्हा घंटी वाजवायची, बोलायचं. आडोशाला बसलो की गप्प.

ऑक्टोबरात अंगावरचे ठिपके जवळपास दिसेनासे होतात. चितळासारखा ठिपकेदार प्राणी शोधू नका, नर गडद करडा-तपकिरी असतो आणि मानेवर आयाळ असते.

आधी नारा

कान तयार व्हावेत म्हणून पहिला मुक्काम नारा शहरात. कासुगा मंदिराच्या आसमंतात हजाराहून अधिक सिका मोकळे फिरतात. १९५७ पासून त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा आहे. इथे साद अगदी जवळून ऐकायला मिळते. सतराव्या शतकापासून इथे नरांची शिंगं कापायची प्रथा आहे, पण शिंगं कापलेला नरही माजात धडक देतो. त्याच्यापुढे उकिडवं बसून फोटो काढू नका. त्यांना तिथे विकत मिळणाऱ्या खास बिस्किटांखेरीज काहीही द्यायचं नाही. बाकरवडी, चकली तर नाहीच आणि रिकामी पिशवीही हाती लागू द्यायची नाही. २०१९ मध्ये इथल्या मेलेल्या हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले होते.

आम्ही जे करत नाही

रेकॉर्ड केलेली साद वाजवून किंवा शिट्टी फुंकून आम्ही नराला बोलावत नाही. माजाच्या दिवसांत तो धड खातही नाही, अंगची चरबी जाळत असतो आणि पुढे बर्फाचा हिवाळा उभा असतो. नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे त्याला पळवून मिळवलेला फोटो आम्हाला नको. सहलीत कोणी मोबाइलवर साद वाजवली तर त्या दिवसाची पुढची फेरी आम्ही थांबवतो. हे आधीच सांगून ठेवतो आहोत.

सराव

सप्टेंबरात एका रविवारी सगळ्यांनी सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात यायचं आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं उघडं माळरान, लपायला जागा नाही, आणि चिंकारा अतिशय सावध. तो पुढचा पाय आपटून शिंकल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज येण्याआधी थांबता येणं, एवढाच सराव. ठरलेल्या वाटेवरूनच चालायचं. गाडी स्वारगेटहून पहाटे साडेचारला सुटेल. पाणी, टोपी आणि दुर्बीण घ्या, मोठी लेन्स या फेरीला नको.