आशा स्वयंसेविका : पात्रता, कागदपत्रे आणि बालपोषणाचे प्रशिक्षण

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील आशा स्वयंसेविकेची निवड ही नोकरभरती नसून गावाने आपल्यातील एका स्त्रीवर सोपवलेली जबाबदारी आहे. तिला वेतनश्रेणी नसते, मानधन व कामावर आधारित मोबदला मिळतो, हे अर्ज करण्यापूर्वीच समजून घ्यावे.

महाराष्ट्रात बिगर आदिवासी भागासाठी दहावी उत्तीर्ण व वय २५ ते ४५, तर आदिवासी भागासाठी आठवी उत्तीर्ण व वय २० ते ४५ अशी सर्वसाधारण अट आहे. उमेदवार त्याच गावची रहिवासी असावी लागते. विवाहित, विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य दिले जाते.

जागा रिक्त असल्याची खात्री ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करून अर्ज द्यावा. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, रहिवासाचा पुरावा, आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत व छायाचित्रे ठेवावीत. लागू असल्यास जातीचा दाखला किंवा पतीच्या मृत्यूचा दाखला जोडावा. निवडीत ग्रामसभेचे मत महत्त्वाचे असल्याने त्या सभेला उमेदवाराने आणि गावातील महिलांनी आवर्जून हजर राहावे.

रहिवासाची अट सर्वांत मोलाची आहे, कारण बालपोषणाचे काम वारंवार घरी गेल्याशिवाय होत नाही. नवजात बाळासाठी आशाताईंच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात; वरचा आहार सुरू होण्याच्या नाजूक काळात मात्र बाळ पूर्वी नियमित पाहणीबाहेर राहत असे. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१८ मध्ये लहान बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी जातात आणि प्रत्येक भेटीचे ५० रुपये, म्हणजे एका बाळामागे २५० रुपये, त्यांना मिळतात.

या भेटींसाठी मूलभूत प्रशिक्षणानंतर वेगळे प्रशिक्षण दिले जाते. सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर घट्टसर, तेल-तूप घातलेला वरचा आहार, लोहाचे सिरप, अतिसारात ओआरएस व झिंक, हात धुणे आणि अंगणवाडीतील वजनाची नोंद वाचणे हे त्यात शिकवतात. सहा महिन्यांवरील बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित ठरते. पायांवर सूज असेल किंवा बालक खात-पीत नसेल, तर त्याला विलंब न लावता आरोग्य केंद्रात पाठवावे लागते. भेटीची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर त्याच दिवशी करावी; मोबदल्याच्या दाव्याची पडताळणीही या नोंदींवरून सोपी होते.