गादी बदलण्याआधी हे वाचा: रात्री विचार थांबत नाहीत तेव्हा

आमच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार एकसारखीच असते. "सोफ्यावर टीव्ही बघता बघता डोळा लागतो, पण गादीवर पाठ टेकली की टक्क जाग येते. बदलूनच टाकतो आता." गादी विकणं हा आमचा धंदा आहे, तरी अशा वेळी आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो. सकाळी कंबर किंवा मान आखडलेली असते आणि थोडं हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते का? आणि रात्री जाग येते तेव्हा अंग अवघडलेलं असतं, की डोक्यात काहीतरी चालू असतं?

अंग अवघडत असेल तर गादीचं बघू. कापसाची असेल तर पुष्कळदा कापूस पिंजून पुन्हा भरला तरी भागतं, नवी घ्यावी लागत नाही. पण डोक्यात विचारांचं चक्र चालू असेल, तर कितीही महागाची गादी घेतलीत तरी पैसे वाया जातील. हे पत्रक अशा ग्राहकांसाठी आहे.

सोफ्यावर झोप, गादीवर जागरण

रोज रात्री तास-दोन तास गादीवर पडून हिशेब, भांडणं, मुलांच्या काळज्या घोळवल्या, की शरीराला तशी सवय लागते. आडवं झालं की विचार करायचा, हे त्याला पाठ होतं. सोफ्याशी ही सवय जोडलेली नसते, म्हणून तिथे झोप येते. दोष गादीचाही नाही आणि तुमचाही नाही. सवय लागली तशी ती मोडताही येते.

रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर मांडलेला उपाय आजही निद्रानाशाच्या उपचारांत वापरला जातो. डोळे मिटायला लागले की मगच आडवं व्हायचं. दहा वाजले म्हणून नाही. अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, झोप आली की परत यायचं. पुन्हा जाग राहिली तर पुन्हा उठायचं. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज तीच, रात्र कशीही गेलेली असो. आणि दिवसा झोप काढायची नाही.

हे ऐकून लोक म्हणतात, आमच्या एका खोलीत चार जण झोपतात, उठून जायचं कुठे? मान्य आहे. ओट्याजवळ पाट टाकून बसा, गॅलरीत खुर्ची असेल तर तिथे, नाहीतर भिंतीला टेकून चटईवर. मुद्दा गादी सोडण्याचा आहे. मोठा दिवा लावू नका, मोबाईल हातात घेऊ नका. आधी वाचलेलं एखादं पुस्तक, जपमाळ, लसूण सोलणं, काहीही संथ चालेल. पहिले काही दिवस झोप आणखी कमी झाल्यासारखी वाटते आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. निदान दोन-तीन आठवडे नेटाने करून पाहा. फक्त वयस्कर माणसांनी अंधारात उठताना तोल सांभाळावा. शिवाय फिट्सचा किंवा बायपोलरचा (मन कधी अति उत्साही, कधी फार उदास होण्याचा) आजार असेल, तर झोप कमी झाल्याने तो उसळू शकतो. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

विचार दाबून टाकू नका

'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्याचा अनुभव रात्री तीनला येतो. उत्तररात्री झोप मुळातच पातळ असते, त्यामुळे तेव्हा जाग येणं हा काही आजार नाही. पण त्या वेळी फोन येत नाही, कुणी बोलत नाही, हाताला काम नसतं. दिवसा सहज बाजूला सारलेली गोष्ट मग डोंगराएवढी वाटायला लागते. म्हणून एक नियम घरात सगळ्यांनीच पाळावा: रात्री कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. नोकरी सोडायचा नाही, नातं तोडायचा नाही, कुणाला लांबलचक मेसेज करायचा तर नाहीच.

मग स्वतःलाच बजावायचं का, की विचार करू नकोस? तसं केल्याने उलटंच होतं. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि तो आलाच तर घंटी वाजवायची. लोकांनी मिनिटाला एकाहून अधिक वेळा घंटी वाजवली! आला विचार तर येऊ द्या. "हा हप्त्याचा विचार आला, याला उद्या संध्याकाळी बघू," एवढंच मनात म्हणा.

पण उद्या संध्याकाळी खरंच बघायला हवं. जेवणाआधी वीस-तीस मिनिटं एक वही घेऊन बसा, गादीवर नव्हे. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढचं पाऊल. डावीकडे 'हप्ता थकला, काय होणार?' असेल, तर उजवीकडे 'सोमवारी अकराला बँकेत जाऊन मुदतीबद्दल विचारणे'. डावीकडे 'बाबांचा रिपोर्ट', उजवीकडे 'गुरुवारी मिळेल, तोवर माझ्या हातात काही नाही'. हेसुद्धा लिहायचं. नुसतं 'पैशाचं बघणे' असं मोघम लिहू नका. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

चहा, दारू, घड्याळ

संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद करून बघा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते, आणि तेव्हाच विचार गाठतात. भिंतीवरचं घड्याळ दिसणार नाही असं ठेवा. किती वाजले, किती तास उरले, हा हिशेबच माणसाला जागं ठेवतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं

आठवड्यातून तीन-चार रात्री असं होत असेल आणि महिना उलटूनही फरक नसेल, तर थांबू नका. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांची सवय लागते. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर आधी 'सीबीटी-आय' ही बोलून आणि सवयी बदलून करायची उपचारपद्धती वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. मानसोपचारतज्ज्ञाला तिच्याबद्दल विचारा. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो नुसता झोपेचा प्रश्न नाही. आणि जगणं नको असे विचार येत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. घरातल्या कुणाला तरी उठवा आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.